ब्रेक मारला की मागून केबिन येते: हर्णेच्या एका जुन्या मासळी पिकअपचं केबिन माऊंटिंग

गाडी २००९ सालची डिझेल पिकअप, सिंगल केबिन, मागं मासळीचा हौदा. हर्णे बंदरावरून लिलाव झाला की क्रेट भरायचे, वर बर्फ मारायचा, दापोली चढून खेडला उतरायचं, तिथून चिपळूण आणि कधी कुंभार्ली घाटानं कराड, असं तिचं आयुष्य गेलेलं. मालक काका वयानं मोठे, गाडी स्वतःच चालवतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते त्यामुळे किनाऱ्यावरच्या मासळीच्या गाड्या पावसातच गॅरेजला येतात, तशीच ही पण जुलैमध्ये आली.

काकांची तक्रार त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण निम्मं निदान त्यातच होतं. "ब्रेक मारला की गाडी थांबते, मी पण थांबतो, आणि मग मागनं केबिन येते. धप्प करून." शिवाय उजवा दरवाजा जोरात आपटल्याशिवाय लागत नाही, आणि न्यूट्रलला उभी असताना सीटखाली थरथर जास्त. याआधी दुसरीकडे मागच्या पाट्यांचे शॅकल बुश, म्हणजे पाटे टांगलेल्या कड्यांतली रबरं, आणि चारही शॉकअप बदलून झाले होते आणि आवाज जसाच्या तसा. त्या मिस्त्रींनी केलं ते काम खोटं नव्हतं, बुश खरंच गेले असणार, पण धप्प आवाजाचं मूळ ते नव्हतं. असा आवाज आला की सगळ्यांचं लक्ष आधी चाकाकडं जातं, केबिन आणि चेसिसच्या मधे रबर असतं हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अशा गाडीत चेसिस वेगळी आणि तिच्यावर केबिन वेगळी ठेवलेली असते. या गाडीला सहा जागी माऊंटिंग आहेत, दोन रेडिएटरच्या फ्रेमखाली, दोन फायरवॉलखाली, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याखाली, दोन केबिनच्या मागच्या कोपऱ्यांत. प्रत्येक जागी चेसिसच्या ब्रॅकेटवर एक जाड रबर बसतं, त्यावर केबिनचं वजन येतं. ब्रॅकेटच्या खालून दुसरं पातळ रबर, ते खड्ड्यातून केबिन वर उडायला लागली की तिला धरून ठेवतं. दोन्हीच्या मधून एक लोखंडी नळी, म्हणजे स्लीव्ह, आणि तिच्यातून बोल्ट. ही स्लीव्ह महत्त्वाची. बोल्ट आवळला की वायसर स्लीव्हला टेकतो आणि तिथंच थांबतो, म्हणजे रबर किती दाबलं जाणार ते स्लीव्हची लांबी ठरवते, मिस्त्रीचा हात नाही. स्लीव्ह गंजून आखूड झाली की मग आवळाल तेवढं रबर चेचत जातं.

आता निदान. आधी गाडी रिकामी करून सपाट जागी उभी केली, हवा सगळ्या टायरला सारखी भरली, आणि कशालाही हात न लावता नुसती चहूबाजूंनी बघितली. केबिनच्या मागच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात रंग घासून पत्रा चकाकत होता आणि समोर हौद्याच्या अँगलला तोच रंग लागलेला. केबिन आणि हौद्यामधली फट डावीकडं वर-खाली सारखी, उजवीकडं वर अगदी निमुळती. म्हणजे केबिन मागच्या उजव्या पायावर बसलीय हे बाहेरूनच दिसत होतं.

मग दरवाजा. दरवाजा लागत नाही म्हटल्यावर बहुतेक जण बिजागऱ्या धरतात. दरवाजा अर्धा उघडा ठेवून हँडलला धरून वर उचलून बघायचा, बिजागरीची पिन झिजली असेल तर हाताला खेळ लागतो. इथं खेळ शून्य. उलट लॉक जिथं अडकतं तो स्ट्रायकर कोणीतरी त्याच्या खाचेत पार वरच्या टोकाला सरकवून ठेवला होता. म्हणजे मागचा खांब खाली जात होता आणि स्ट्रायकर वर वर नेला जात होता, शेवटी खाच संपली. हे बघितलं की माझा नव्वद टक्के निर्णय झाला होता, तरी मोजल्याशिवाय मी रबर मागवत नाही.

मोजमाप सोपं आहे. चेसिसच्या वरच्या पट्टीपासून केबिनच्या तळाच्या कडेपर्यंत, डावी-उजवीकडं बरोबर त्याच जागी, पट्टीनं मोजायचं आणि खडूनं चेसिसवरच लिहून ठेवायचं. पुढं रेडिएटरखाली फरक जवळजवळ नाही. फायरवॉलखाली उजवी बाजू ५ मिलिमीटर खाली. मागं उजवी बाजू डावीपेक्षा १२ मिलिमीटर खाली. मागच्या डाव्या रबराची उरलेली उंची २६ मिलिमीटर, आणि नवं रबर वजनाखाली ३२ च्या आसपास बसतं, म्हणजे डावं पण बसलेलंच होतं, फक्त कमी.

तरी आवाज तिथलाच आहे हे सिद्ध करायला हवं, नाहीतर आपण पण आधीच्यासारखंच एकेक पार्ट बदलत बसू. गॅरेजमधल्या पोराला केबिनमध्ये बसवला, इंजिन चालू, ब्रेक दाबून धरायचा आणि अर्ध्या क्लचवर एकदा पहिल्या गिअरला एकदा रिव्हर्सला गाडी ताणायची. बॉनेट उघडं ठेवून मी इंजिन बघत होतो, ते उचललं जात नव्हतं, म्हणजे इंजिन माऊंटिंग ठीक. मग मोबाईल व्हिडिओ चालू करून चेसिसला चुंबकाच्या होल्डरवर मागच्या उजव्या माऊंटिंगकडं तोंड करून लावला आणि आवारातच सावकाश ब्रेक मारत फेरी मारली. व्हिडिओत केबिनचा कोपरा पुढं सरकून परत येताना स्पष्ट दिसतो आणि धप्प त्याच क्षणी. हौद्याचे यू-बोल्ट पण पान्यानं तपासले, घट्ट होते. शेवटी पिटमध्ये उतरून लाकडाची फळी आधाराला ठेवून टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, केबिनचा कोपरा हलकेच उचलला, हलकेच म्हणजे खरंच हलकेच, पत्रा वाकवायचा नाही. चांगलं माऊंटिंग असेल तर रबर थोडं ताणतं आणि घट्ट लागतं. इथं कोपरा आरामात वर आला आणि खालचं रबर नुसतं बोल्टवर लोंबत राहिलं. बस्स.

आता प्रश्न, मागचं उजवंच का? ड्रायव्हर त्या बाजूला बसतो हे एक कारण, पण तेवढ्यानं १२ मिलिमीटर जात नाही. मी हौद्याखाली शिरून बघितलं तर हौद्याच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात पाणी निघायला भोक पाडलेलं आणि ते भोक बरोबर केबिनच्या मागच्या माऊंटिंगच्या डोक्यावर. बर्फ वितळून मासळीचं खारट पाणी हौद्यात साचतं, दापोलीहून खेडला भरलेली गाडी उताराला लागली की ते सगळं पुढं येतं, आणि प्रत्येक ब्रेकला त्या भोकातून खाली. वर्षानुवर्षं. मिठाचं एक वाईट आहे, हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळाभर हवा त्याच्या वरच असते. त्यामुळे पाणी ओतलं नाही तरी ती जागा सुकतच नाही. आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापट जागा घेतो, तो स्लीव्ह आणि रबराच्या मधे फुगत गेला की रबर आतून फाटतं. नुसत्या मिठानं रबर इतकं लवकर जात नाही. आधी लोखंड जातं, ते जाताना रबराला घेऊन जातं.

म्हणूनच किनाऱ्यावरच्या गाडीला नुसतं "माऊंटिंग रबर किट टाका" असं मी सांगत नाही. घाटावरच्या कोरड्या गावात रबर बदललं की काम संपत असेल, इथं रबराखालची बैठक बघितल्याशिवाय रबर मागवणं म्हणजे पैसे पाण्यात.

काकांनी विचारलं की टायरचे तुकडे कापून घातले तर चालतील का, मोसम सुरू होईपर्यंत. बरेच जण घालतात म्हणून सांगतो, नको. टायरमध्ये कापडाचे किंवा तारांचे थर असतात, ते माऊंटिंगच्या रबरासारखं दबत नाही, सगळा हादरा केबिनच्या पत्र्यात जातो आणि काही महिन्यांत माऊंटिंगभोवती फ्लोअरला तडे जातात. मग रबराचं काम पत्र्याचं होऊन बसतं. पॉलियुरेथेनचे बुश पण मिळतात, ते टिकतात हे खरं, पण कडक असतात, आणि जुन्या डिझेल इंजिनाची थरथर दिवसभर पाठीत घेणाऱ्या माणसाला मी ते देत नाही. कंपनीच्या मापाचंच रबर घेतलं, सहाच्या सहा जागांचं, वरचं-खालचं आणि स्लीव्ह सकट. मधलं, पुढचं आणि मागचं रबर दिसायला सारखं असलं तरी उंची आणि कडकपणा वेगळा असतो, पाकिटावरचा पार्ट नंबर जागेनुसार लावून ठेवायचा, सगळं एका डब्यात ओतायचं नाही. आणि रबर दुकानात पडून पण म्हातारं होतं, नखानं दाबून कडेला बारीक चिरा दिसतायत का बघूनच घ्यावं.

उचलण्याआधी काय काय सोडायचं याची यादी डोक्यात पक्की पाहिजे, कारण इंजिन, गिअरबॉक्स चेसिसवर आणि त्यांना जोडलेलं निम्मं सामान केबिनवर. बॅटरीची निगेटिव्ह काढली. फॅन इंजिनावर आणि त्याचं श्राउड, म्हणजे पात्यांभोवतीचं कडं, रेडिएटरसोबत केबिनवर, केबिन वर गेली की श्राउडची खालची कड पात्यांना लागते, म्हणून श्राउडचे बोल्ट काढून ते मोकळं केलं. स्टिअरिंगच्या जॉइंटवर खूण करून तो सैल केला. ब्रेकचा पाइप, क्लचचा पाइप, हँडब्रेकची केबल, एक्सलरेटर केबल, रेडिएटरचे होज, अर्थिंगची पट्टी आणि वायरिंगची जुडी, प्रत्येकाला किती ढील आहे ते हातानं ओढून बघितलं. अर्थिंगची पट्टी हात लावल्यावर तुटूनच आली, ती नवीन घातली, हेडलाइट मंद का होता त्याचं उत्तर पण तिथंच मिळालं.

बोल्टवर गंज सोडवायचं तेल आदल्या संध्याकाळी मारून ठेवलेलं. पुढचे आणि मधले बोल्ट लांब टॉमी लावून सुटले, डावा मागचा कुरकुरत सुटला. उजवा मागचा मात्र अर्धा फेरा फिरला आणि मग नुसताच फिरत राहिला. बोल्ट खालून वर जातो आणि नट केबिनच्या फ्लोअरमध्ये पत्र्याच्या पिंजऱ्यात अडकवलेला असतो, तो पिंजरा गंजून फाटला होता. अशा वेळी काही जण गॅस मारून लाल करतात. इथं अजिबात नाही, एका हाताच्या अंतरावर डिझेलचा पाइप आणि वर सीटचा फोम.

सीट काढली, मॅट उचलली, खालचा फोम पिळला तर पाणी निघालं. सीटमागं फ्लोअरला तीन बाजूंनी चीर देऊन पत्र्याची खिडकी केली, चौथी बाजू तशीच ठेवून पत्रा वर वळवला. आत नटाला कोपरेच राहिले नव्हते, पाना धरेना. मग खालून बोल्टचं डोकंच पातळ डिस्कच्या ग्राइंडरनं कापलं, डिझेलच्या पाइपवर ओलं गोणपाट गुंडाळून आणि पोराला आग विझवायचा सिलिंडर घेऊन बाजूला उभा करून. डोकं पडल्यावर उरलेला बोल्ट नटासकट खालून ठोकून वरच्या खिडकीतून काढला, त्याच्यासोबत स्लीव्हचे पापुद्रे गळून आले.

केबिन उचलताना एका वेळी एकच बाजू. डावीकडचे तिन्ही बोल्ट सैल पण जागेवर, उजवीकडचे पूर्ण काढलेले. जॅकवर जाड लाकडी फळी, ती फ्लोअरच्या आडव्या पट्टीखाली, उघड्या पत्र्याखाली कधीच नाही, पत्रा लगेच आत जातो. दोन इंचाच्या आत उचललं की रबर निघतं, त्याहून जास्त हाव करायची नाही. उचलल्याबरोबर चेसिस आणि केबिनमध्ये लाकडी ठोकळे, आणि ठोकळे बसल्याशिवाय त्या फटीत बोट घालायचं नाही हे पोराला मी दरवेळी सांगतो, त्याला पाठ असलं तरी.

मागचं उजवं रबर बाहेर काढलं तेव्हा भाकरीसारखं चपटं होतं, १८ मिलिमीटर, नवं ठेवून बघितलं ते ३५. एका बाजूनं स्लीव्हपासून कडेपर्यंत फाटलेलं, आणि फाटलेल्या भागात गंजाचा भुगा घट्ट बसलेला. चेसिसच्या ब्रॅकेटची बैठक वायर ब्रशनं साफ केली तर मधोमध ४ मिलिमीटर खोल खड्डा, आणि हातोडीनं कडेला ठोकलं की खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज. स्क्रूड्रायव्हरनं जोर दिला तर टोक आरपार गेलं. म्हणजे नवं रबर या खड्ड्यात बसवलं असतं तर कोपरा ४ मिलिमीटर खालीच राहिला असता आणि फाटलेल्या कडेनं नवं रबर पण कापलं गेलं असतं.

कुजलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून काढला, ३ एमएमची प्लेट त्याच आकारात कापून बोल्टचं भोक जुन्या मध्यावरच पाडून बसवली. वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढल्या आणि अल्टरनेटरचा कनेक्टर पण, नाहीतर डायोड उडतात, आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावली. वरती फ्लोअरमध्ये नवीन नट जाड पट्टीला वेल्ड करून पिंजऱ्यात थोडा हलता ठेवला, कारण सगळ्या जागा जुळवताना तेवढा खेळ लागतोच. मग खिडकीचा पत्रा परत खाली दाबून वेल्ड आणि वरून सीलर. जुलैच्या हवेत प्रायमर मारायचा म्हणजे परीक्षा असते, पत्रा कोरडा दिसतो पण असतो ओला. हॅलोजन लावून हाताला गरम लागेपर्यंत शेकला, मगच एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर ब्लॅक. ओल्या पत्र्यावर मारलेला प्रायमर पुढच्या गणपतीपर्यंत पापुद्रे धरतो.

बोल्टबद्दल थोडं. बंदराजवळच्या दुकानात बोटींसाठी स्टेनलेसचे बोल्ट सहज मिळतात आणि गंजत नाहीत म्हणून मासळीवाले तेच घाला म्हणतात. साध्या स्टेनलेस बोल्टवर ए२-७० लिहिलेलं असतं, म्हणजे ताण सोसायची ताकद ७०० मेगापास्कल. डोक्यावर ८.८ लिहिलेला ८०० चा आणि १०.९ वाला १००० चा. केबिन धरून ठेवणारा बोल्ट आहे, कंपनीनं ज्या ग्रेडचा दिलाय त्याच ग्रेडचा घ्यायचा, जस्त चढवलेला. ग्रीस फक्त बोल्टच्या दांड्याला आणि स्लीव्हच्या आतून भरपूर, आट्यांना नाही, कारण आटे बुळबुळीत झाले की टॉर्क पान्यावर, म्हणजे किती जोर लावला ते दाखवणाऱ्या पान्यावर, आकडा तोच दिसतो आणि बोल्टवर ताण मात्र जास्त येतो.

बाकीची रबरं बसवण्यात सांगण्यासारखं काही नाही. उजवी बाजू झाली की ठोकळे काढून केबिन खाली, मग डावी. एक पाळायचं, सहाही बोल्ट हातानं आट्यांत बसल्याशिवाय एकही आवळायचा नाही. आम्ही सगळे सैल ठेवून केबिन दोन माणसांनी हलवून हौद्याशी फट सारखी केली, स्टिअरिंगचा जॉइंट खुणेवर न अडखळता सरकतोय ना बघितलं, मग मधले, मागचे, पुढचे असे थोडे थोडे आवळत मॅन्युअलच्या टॉर्कला आणले.

परत मोजलं तेव्हा मागचा उजवा कोपरा १७ मिलिमीटर वर आला होता, डावा ६, आणि दोघांत फरक राहिला १ मिलिमीटर, तो नव्या प्लेटचा. दरवाजा लगेच नीट लागला नाही, उलट वरून अडकायला लागला, कारण स्ट्रायकर अजून जुन्या उंचीवर होता. तो खाचेच्या मध्यावर आणला आणि दरवाजा बोटानं लागायला लागला. श्राउड परत बसवून फॅनभोवती बोट फिरवून फट चारी बाजूंनी बघितली. हेडलाइट नव्यानं जुळवावे लागले, पुढचा भाग पण थोडा वर आला होता. ब्रेकचा पाइप मागं एका क्लिपमध्ये ताणलेला वाटला, ती क्लिप सरकवून ढील दिली.

हौद्याचं ते भोक बुजवलं आणि मागच्या बाजूला मधोमध नवं पाडून त्याला रबरी नळी लावली, नळीचं तोंड चेसिसच्या आणि मागच्या एक्सलच्या खाली सोडलं. उतारावर साचलेलं पाणी पुढंच राहणार म्हणून हौद्याच्या तळाला मागं उतार देणारं पातळ शीट टाकलं. केबिनच्या खालच्या पट्टीतली पाणी निघायची भोकं लाल मातीनं बुजलेली होती, ती तारेनं मोकळी केली. काकांना सांगितलं की खेप टाकून आल्यावर हौदा धुता तसंच खालून पण गोड्या पाण्याचा पाइप मारा, केबिनच्या मागं, दोन्ही कोपऱ्यांवर. समुद्रावरच्या गाडीला पॉलिशपेक्षा हे पाणी जास्त उपयोगी आहे.

ऑगस्टमध्ये ५०० किलोमीटरच्या आसपास झाल्यावर गाडी परत बोलावली होती, बोल्ट तपासायला. रबर बसतं आणि पहिल्या थोड्या दिवसांत बोल्ट किंचित सैल होतात. मागचे दोन पाव फेऱ्याच्या आत आवळले, बाकी जागेवर होते. भरलेल्या गाडीनं घाट उतरताना धप्प आवाज येत नाही असं काकांनी सांगितलं, सीटखालची थरथर कमी झालीय पण पूर्ण गेली नाही, ती इंजिनाची आहे आणि ते काम वेगळं. डाव्या मागच्या ब्रॅकेटचा पत्रा ठोकल्यावर अजून खणखणीत वाजतो पण कडेला पातळ झालाय, त्याच्यावर खडूनं तारीख घालून ठेवलीय आणि पुढच्या बंदीत त्याला पण प्लेट मारायची असं ठरलंय.